खट्ट आवाज येतो कुठून?

जुन्या गाडीचा आवाज आणि तान्ह्या मुलाचे रडणे यांत एक साम्य आहे. काहीतरी बिनसले आहे एवढेच कळते. काय बिनसले, ते ज्याचे त्याने शोधायचे.

समजा, इंग्लंडमधल्या एका गृहस्थांकडे १९६७ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या आऱ्यांची चाके असलेली देखणी स्पोर्ट्‌स कार. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आपल्यालाही ती अगदीच परकी नाही. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले!

तर या गृहस्थांची गाडी हलली, की मागून 'खट्ट' असा आवाज येतो. पत्नी म्हणते, डाव्या चाकातून. शेजारी म्हणतो, गिअरबॉक्समधून. दोघांचेही कान फसू शकतात, कारण पत्र्याच्या सांगाड्यातून आवाज कुठल्या कुठे पोहोचतो. म्हणूनच जाणता मेकॅनिक 'आवाज कुठून येतो?' असे आधी विचारत नाही. तो विचारतो, 'केव्हा येतो?'

पहिले काम अगदी घरगुती. डिकी रिकामी करायची. जॅक, पान्हे, सुटे चाक यांपैकी एखादी सैल वस्तूच पुष्कळदा गुन्हेगार निघते.

मग गाडी जागच्या जागी उभी ठेवून किल्ली फिरवायची. एमजीबीत मागच्या बाजूने 'टिक-टिक' ऐकू येते. तो पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप. कार्बोरेटर भरले, की तो गप्प बसतो. इंजिन बंद असूनही टिकटिक थांबत नसेल, तर मात्र टाकी रिकामी आहे, पेट्रोल कुठेतरी गळते आहे किंवा नळीत हवा शिरते आहे असे समजावे. इंजिन सुरू केल्यावर वेगाबरोबर वाढणारी बारीक 'टकटक' बहुधा टॅपेटची. तीही आपली 'खट्ट' नव्हे.

आता गाडी हळू पुढे घ्यायची, थांबायचे, मागे घ्यायची. दिशा बदलताना खट्ट झाले, तर संशयित तीन : प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट, डिफरन्शियल आणि चाके. मोकळ्या जागी, अगदी कमी वेगात क्लच दाबून नुसता ब्रेक लावून पाहायचा. इंजिनचा जोर तुटलेला असतानाही खट्ट होत असेल, तर संशयाची सुई चाकाकडे वळते.

ही चाके साध्या बोल्टांनी बसवलेली नसतात. हबवरच्या दातांवर चाक सरकवून मधला एकच मोठा नट आवळतात. गाडीच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटसुलट असतात. बाजूंची अदलाबदल झाली, तर नट आपोआप सैल होत जाण्याचा धोका असतो.

हे तपासायला सपाट जमिनीवर बाकीच्या चाकांना अडण लावून एक चाक जॅकवर उचलतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाक पुढेमागे हलवायचे. हब स्थिर असताना चाक किंचित जरी फिरले, तरी दाते झिजले आहेत हे नक्की. ही कसूर किरकोळ नाही. ब्रेक चाकाला धरत नाही, हबला धरतो. दाते पूर्ण झिजले, तर हब थांबेल आणि चाक मात्र फिरतच राहील! अशा वेळी चाक आणि हब दोन्ही बदलावेत. जुन्या हबवर नवे चाक चढवले, तर तेही लवकर झिजते.

गाडी एमजीबी असो वा घरची मारुती, पद्धत हीच. 'गाडीतून आवाज येतो' एवढेच मेकॅनिकला सांगितले, तर तो अंदाजाने भाग बदलत बसतो आणि बिल वाढते. त्यापेक्षा गाडी थंड होती की गरम, कोणता गिअर होता, वळताना आवाज आला की ब्रेक लावताना, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. चालवणाऱ्याने रस्त्याकडे पाहावे, टिपण शेजारी बसलेल्याने करावे. आणि रेडिओचा आवाज वाढवून 'खट्ट' ऐकू येईनासे करणे, हा उपाय मात्र कोणीही करू नये.