ला निना आणि आमची गोडी छाटणी

छाटणीचे दिवस आले की टपरीवर ला निना हजर! प्रशांत महासागर थंड पडला म्हणे, म्हणजे यंदा निफाडात दव गोठणार. तारखासुद्धा छातीठोक. हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज येतो नोव्हेंबर संपताना, तोही तीन महिन्यांच्या सरासरीची शक्यता सांगणारा. तोवर आपली छाटणी कधीच उरकलेली.

माझं म्हणणं एवढंच, की सरासरीने मणी तडकत नाहीत. मण्यात पाणी उतरताना चार रात्री पारा ५-६ वर गेला की तडे जातात, पिंक बेरी येते. मग बाकी हिवाळा उबदार असून काय उपयोग? (गव्हाला तीच थंडी मानवते, ते वेगळं.) २०२३ एल निनोचं साल. आपण पाण्याच्या चिंतेत, आणि २६ नोव्हेंबरला गारांनी बागा झोडपल्या.

असल्याच गप्पांवर मी एकदा छाटणी दहा दिवस लांबवली होती. नेमका फुलोऱ्यात पाऊस, डावणीने निम्मे घड गेले.

यंदा दोन प्लॉट पंधरा दिवसांच्या फरकाने छाटतोय. शेकोटीला पाचट आणि लाकडं बांधावर रचलीत. चार-पाच दिवसांचा अंदाज तेवढा रोज बघतो.