वाजवायला लावलं कुणी?

रात्रपाळी करून थेट तिथं गेलो होतो. केसांत कापूस, अंगाला तेलाचा वास. कॉलेजात शिबिर होतं : गाण्यानाचातून जगाची संस्कृती. साहेबांनी पडद्यावर आफ्रिकेचे ढोल दाखवले, जपानची नाटकं दाखवली. मग माझं आडनाव विचारलं आणि हातात हलगी दिली. म्हणाले, "वाजवा की! तुमच्या रक्तातच आहे."

मी वाजवली नाही.

आमच्या गावात हलगी महारांकडं होती. माझ्या पणज्यानं १९५६ च्या धर्मांतरानंतर ती चुलीत घातली. त्याला ताल नको होता असं नाही. पाटलाच्या वरातीपुढं, गावच्या मयतापुढं शिळ्या तुकड्यावर वाजवायची ती वेठ होती. त्यानं वेठ जाळली. साहेबांच्या पडद्यावर ही चूल कुठंच नव्हती.

दोस्तहो, जग शिकायचं तर मीबी शिकतो. पण पुरतं शिकू. त्रिनिदादचा स्टीलपॅन घ्या. गुलामीतून सुटलेल्यांची लेकरं कार्निवलात मशाली, ढोल घेऊन रस्त्यावर उतरायची. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनात त्यांची पोलिसांशी झुंज झाली. १८८४ साली इंग्रज सरकारनं कायदा करून त्यांच्या ढोलांवर बंदी आणली. मग त्यांनी बांबू तोडले, जमिनीवर आपटून ताल धरला. पुढं १९३० नंतर पत्र्याचे डबे आले, मग तेलाची पिंपं. ती ठोकून ठोकून त्यांतून सूर काढला. सभ्य लोक त्या पोरांना गुंड म्हणायचे. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिवस ठरवला. आता सगळ्यांना सूर गोड लागतो. कायदा कोण सांगतो?

लांब कशाला, तमिळनाडूत बघा. परै वाजवणारा तो परैयर. त्या नावावरनंच इंग्रजीत बहिष्कृताला 'पराया' म्हणायला लागले. तिथंही आपल्या माणसांनी गावच्या मयताला वाजवायचं नाकारलं. आणि नंतर तीच परै स्वतःच्या मोर्च्यात आणली. दिंडीगुलच्या शक्ती कलापथकात दलित पोरी ती वाजवतात. आधी ती बाप्यांच्याच हातात असायची.

आपल्यात मात्र एकाला हलगीची लाज वाटते, दुसरा सरकारी महोत्सवात फेटा बांधून कुणाहीपुढं वाजवतो. दोघंही चुकतात. भीमराव कर्डकांनी तमाशाचा घाट घेऊनच जलसा उभा केला, आणि त्यातनं बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. वाद्याला जात नसते, वाजवायला लावणाऱ्याला असते.

तेव्हा कुणी 'लोककला' म्हणून काही दाखवलं तर आधी विचारा : हे कोण वाजवत होतं? कुणाच्या हुकमानं? बंद केलं कुणी? उत्तर देत नसतील तर ती संस्कृती नव्हे, करमणूक.

येत्या चौदा एप्रिलला मी आमच्या वस्तीत हलगी वाजवणार आहे. पाळी सुटली की शिकतो. बोटं सुजलीत, ताल अजून चुकतो.

रक्तात काही नसतं, साहेब.

जयभीम.