ओढपट्टा, शॅकल आणि हाताशी असलेली पेटी
चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढण्यासाठी वापरला जाणारा नायलॉनचा पट्टा ताण पडताच आपल्या लांबीच्या सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि साठलेली ऊर्जा क्रमाने परत देतो, त्यामुळे हिसका न बसता गाडी सुटते. याउलट पॉलिएस्टरचा पट्टा फारसा ताणला जात नाही, म्हणून तो झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळून त्यात विंचचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूस बसवलेल्या यांत्रिक रहाटाचा, दोर अडकवण्यासाठीच योग्य ठरतो. पट्टा गाडीला जोडणारी शॅकल, म्हणजे आडवी खीळ असलेली पोलादी कडी, भारक्षमता कोरलेलीच घ्यावी. १९ मिलिमीटर जाडीच्या कडीवर ती सहसा ४.७५ टन असते. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला मात्र पट्टा कधीही अडकवू नये, कारण तो गोळा तुटल्यास तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत. गाडीत भरताना जड सामान तळाशी, दोन्ही आसांच्या मध्ये व घट्ट बांधून ठेवावे. अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र चालकाच्या हाताशीच असावी, कारण कलंडलेल्या गाडीचा मागचा दरवाजा उघडेलच याची खात्री नसते.