कॅरिबियनचा मधुचंद्र: तारीख समुद्राला विचारून ठरवा

टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये, ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर झाला. जिंकलेल्या भारतीय संघाला मात्र लगेच मायदेशी परतता आले नाही. पाठोपाठ बेरिल हे चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले, विमानतळ बंद राहिला आणि खास विमानाने संघ दिल्लीत उतरला तो थेट ४ जुलैच्या सकाळी. विश्वविजेत्यांसाठी खास विमान गेले. एप्रिल-मेच्या लगीनसराईत बोहल्यावर चढून जूनच्या अखेरीस कॅरिबियन क्रूझवर निघणाऱ्या जोडप्यासाठी ते जाणार नाही. पहिल्यांदाच क्रूझला आणि तेही मधुचंद्रासाठी जाणाऱ्यांना जहाज कोणते, केबिन कोणती, पॅकेज केवढ्याचे यावर भरपूर सल्ले मिळतात. या सगळ्यांच्या आधीचा निर्णय तारखेचा आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. लग्नाचा मुहूर्त पंचांगातून काढावा, पण कॅरिबियनच्या सफरीची तारीख त्या मुहूर्ताला जोडू नये. ती त्या समुद्राच्या ऋतूवरून ठरवावी आणि त्यासाठी लग्नानंतर काही महिने थांबावे लागले तर आनंदाने थांबावे.

अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा धरला जातो. त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा हा त्याचा कळस मानतात. सप्टेंबर २०१७ मध्ये आधी इर्माने बार्बुडा आणि सेंट मार्टिन उद्ध्वस्त केले, मग दोन आठवड्यांच्या आत मारियाने डॉमिनिका आणि प्वेर्तो रिको. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हनने ग्रेनाडाची बहुतेक जायफळाची झाडे आडवी केली. ज्या बेटाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे, त्याच्यावर हा घाव होता. जायफळाचे झाड फळायला किती वर्षे लागतात हे कोकणातल्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको. बेरिलने तर जुलै उजाडताच ग्रेनाडाच्या कॅरिअकू बेटावर धडक दिली आणि पाचव्या श्रेणीपर्यंत पोहोचलेले, नोंदीतले सर्वांत लवकरचे अटलांटिक वादळ ठरले. जूनमध्ये काही होत नाही, हा धीर आता कोणी देऊ नये. आपल्याकडचा कोळी परंपरेने नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात घालत नाही. पर्यटकाला तेवढीच शिस्त दुसऱ्याच्या समुद्राबाबत पाळायला काय हरकत आहे?

यावर टूर कंपन्यांकडून एक उत्तर हमखास येते आणि ते खोटे नाही. आजची जहाजे वादळाचा अंदाज काही दिवस आधी घेतात, बहुतेक वादळांपेक्षा वेगाने पळू शकतात आणि वाट बदलतात. प्रवाशाच्या जिवाला धोका क्वचितच पोहोचतो. मान्य. पण जहाज सुरक्षित राहणे आणि सफर ठरल्याप्रमाणे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेंट लुशियाचे पिटॉन शिखरांचे जोडपे पाहायचे म्हणून ज्यांनी तिकीट काढले, त्यांचे जहाज वादळ टाळण्यासाठी पश्चिमेला वळून मेक्सिकोच्या कोझुमेल बंदरात जाऊ शकते. तिकिटाच्या करारात बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. बंदराची फी परत मिळेल, पण हुकलेल्या बेटाची भरपाई सहसा मिळत नाही. शिवाय जहाज पळते, विमानतळ पळत नाही. मुंबईहून कॅरिबियनला जायला किमान एकदा, बहुधा दोनदा विमान बदलावे लागते. त्यातला एक दुवा तुटला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. विम्याचा भरवसाही अर्धाच असतो, कारण वादळाला नाव मिळाल्यावर काढलेला विमा त्या वादळाचे नुकसान सहसा भरून देत नाही.

मग डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम सरसकट उत्तम का? तसेही नाही आणि इथे नव्या प्रवाशाने थोडे बारकाईने पाहावे. नाताळ आणि नववर्षाच्या पंधरवड्यात दर सर्वांत चढे असतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचे व्यापारी वारे जोर धरतात आणि पूर्वेकडच्या बेटांमध्ये समुद्र खवळलेला राहतो. वादळाची भीती नाही, पण ज्याला घाटात गाडी लागते त्याने या दिवसांत जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. तिथे हेलकावे कमी बसतात. मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांना सुट्टी लागते आणि जहाजे तरुणांच्या जल्लोषाने भरतात. जून-जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी असल्यामुळे मुलाबाळांची गर्दी असते आणि भाडेही पडत नाही. म्हणजे मे महिन्यातल्या लग्नानंतर लगेच निघणाऱ्यांच्या वाट्याला वादळाची जोखीम येते, स्वस्ताई येत नाही आणि निवांतपणाही येत नाही. उरतात ते दोन कप्पे: ईस्टर उलटल्यावरचा एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध, आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. पहिल्या कप्प्याला एक डाग आहे. २०११ पासून सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ वसंतापासून उन्हाळाभर किनाऱ्यांवर येऊन कुजते आणि त्याला दुर्गंधी सुटते. मात्र ते प्रामुख्याने अटलांटिककडे तोंड केलेल्या किनाऱ्यांवर साचते. बार्बाडोसचा पश्चिम किनारा त्यातून बराचसा वाचतो. मुक्कामाचे हॉटेल निवडताना बेटाची कोणती बाजू, हे विचारावे.

आता लग्नाच्या बाजूने पाहू. लग्नानंतरचे पहिले दोन आठवडे आपल्याकडे जोडप्याचे स्वतःचे नसतात. सत्यनारायण, गोंधळ, कुलदैवताचे दर्शन, नातेवाइकांची जेवणे यांत ते सरतात आणि सरावेत, त्यातही आनंद आहे. त्या थकव्यावर वीस-बावीस तासांहून लांबचा प्रवास आणि साडेनऊ तासांचा वेळेचा फरक चढवला की सात रात्रींच्या क्रूझमधल्या पहिल्या दोन झोपण्यात जातात. त्याहून मोठा प्रश्न कागदपत्रांचा. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा प्वेर्तो रिकोमधल्या सान हुआनहून निघणाऱ्या जहाजासाठी भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि तो एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा, कारण परदेशी बंदरे पाहून परतणे हा नवा प्रवेश ठरतो. मुलाखतीची तारीख मिळण्यात अनेकदा महिने जातात. त्यात लग्नानंतर वधूने आडनाव बदलले, तिकीट नव्या नावाने काढले आणि पासपोर्ट जुन्या नावाचा राहिला, तर अडवणूक विमानतळावरच होते. तिकीट, पासपोर्ट आणि व्हिसा या तिन्हींवर एकच नाव हवे. नाव बदलायचे असेल तर ते आधी सावकाश बदलावे, नाहीतर सफर होईपर्यंत जुनेच ठेवावे. हे सगळे शांतपणे उरकायला जो अवकाश लागतो, तो तारीख पुढे ढकलल्यानेच मिळतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्यांना हा समुद्र जवळचा वाटतो, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर त्यांच्यासाठीही परतीची वाट अवघड होते.

इतक्या महिन्यांनी केलेला मधुचंद्र कसला, असे घरातले म्हणतील. मला हा आक्षेप मनापासून समजतो. लग्नाच्या लगतच्या दिवसांना एक कोवळेपण असते, ते पुन्हा येत नाही. पण त्या दिवसांना हवा असतो तो एकांत आणि विसावा. तो तारकर्लीत, महाबळेश्वरला किंवा केरळात चार दिवसांत मिळतो. लांबची सफर वेगळी ठेवली तर दोन्हींचे सुख पूर्ण मिळते. रजेचा आक्षेप अधिक खरा आहे, कारण लग्नाच्या नावाने मागितलेली रजा साहेब नाकारत नाहीत, पुढची नाकारू शकतात. तरी हिशेब करून पाहावा. सात रात्रींची क्रूझ, जाण्यायेण्याचे दिवस आणि जहाज सुटण्याआधी बेटावर किमान एक मुक्काम धरला तर अकरा-बारा दिवस लागतात. लग्नाच्या रजेत विधी आणि हे दोन्ही मावत नाही. मावले तर कोंबून मावते.

तारीख सुटली की मार्ग निवडणे सोपे होते. इथे अनेकांचे म्हणणे असते की आम्हाला जहाजच अनुभवायचे आहे, बंदरे काय कुठलीही चालतील. तसे असेल तर कॅरिबियनपर्यंत जाऊच नये. सिंगापूरहून, हिवाळ्यात दुबईहून मोठी जहाजे सुटतात, प्रवास कमी आणि खर्चही कमी. मुंबईहून गोव्याकडे जाणारी दोन-तीन रात्रींची सफर तर प्रत्येकाने आधी करावी, म्हणजे समुद्र आपल्याला मानवतो की नाही ते समजेल. कॅरिबियनला जायचे ते बेटांसाठी. २०२४ मध्ये आलेल्या आयकॉन ऑफ द सीजसारख्या जहाजावर साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात. ते जिथे थांबते त्या गावावर एका सकाळी तेवढी माणसे उतरतात, आणि काही थांबे तर कंपनीने स्वतःच्या प्रवाशांसाठी राखलेल्या किनाऱ्यांवर असतात. तिथे सोय उत्तम असते, पण तिथल्या माणसांचे रोजचे जगणे दिसत नाही.

म्हणून माझा कल दक्षिणेच्या मार्गाकडे आणि लहान जहाजाकडे आहे. बार्बाडोसहून निघून सेंट लुशिया, डॉमिनिका, ग्रेनाडा अशी बेटे घेणाऱ्या सफरी हिवाळ्यात मिळतात. बार्बाडोस, डॉमिनिका आणि ग्रेनाडा भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आधी व्हिसा न काढता येऊ देतात. मात्र त्याच मार्गावरची मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही बेटे फ्रान्सचा भाग आहेत, तिथे वेगळी परवानगी लागते. वाटेतल्या विमानतळाचे नियमही तपासावे लागतात. एका कागदाअभावी जहाजावर चढू न देण्याचा अधिकार कंपनीला असतो. कितीही समजूत घातली तरी अखेरीस ज्यांना जून-जुलैतच जायचे असेल, त्यांनी तिथून पश्चिमेला वळावे. अरुबा, बोनेअर आणि कुरासाओ ही बेटे चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत, कुरासाओचे विलेमस्टाड शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथला कोरडा वारा पावसाळ्यातून आलेल्या माणसाला सुखावतो. जहाज सकाळी आठच्या सुमारास लागते आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सुटते. स्वतः टॅक्सी ठरवून फिरणाऱ्याने तासभर आधी धक्क्यावर असावे, कारण उशीर झाल्यास जहाज फक्त कंपनीच्याच सहलीवर गेलेल्या प्रवाशांसाठी थांबते. बेटांवर संध्याकाळ मिळत नाही, ही क्रूझची मोठी उणीव आहे. त्यावर उपाय एकच: सफरीच्या आधी किंवा नंतर दोन-तीन रात्री एकाच बेटावर काढाव्यात आणि त्यासाठी जहाजावरची केबिन एक पायरी खालची घ्यावी लागली तरी चालेल.