धूळपाटी पुन्हा काढा
बिद्रीत दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर तुम्ही-आम्ही विसरून जातो. एखाद्या स्वमग्न पोराच्या कानात मात्र ती घुमत राहते, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला म्हणतो, ‘ओळीत लिही.’ त्याचं अक्षर वाकडं येतं ते आळसानं नव्हे. पेन्सिल किती दाबायची, बोट कुठं वळवायचं, हे त्याच्या हाताला सहज उमगत नाही. म्हणून वही जरा बाजूला ठेवा. ताटात बारीक वाळू पसरा, बोटानं ‘ग’ गिरवू द्या. आपले पणजोबा धूळपाटीवरच शिकले. वाळूचा स्पर्श त्याला नकोसा झाला, तर बळजबरी नको. आईशेजारी बसून भाकरीचं पीठ मळू द्या, उभ्या फळ्यावर रेघा ओढू द्या. खडूचा तुकडा आखूड द्या; त्यानं चिमटीत धरायची सवय लागते. पाच मिनिटं पुरेत, रडवून पान भरून घेऊ नका. आणि गुरुजी, उत्तर तोंडी येत असेल तर तोंडीच ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळेची तरतूद आहे; पहिलीच्या वर्गात एवढं ऐकून घ्यायला कुणाच्या सहीची वाट कशाला बघायची?