वेबसाइट भाड्याची चालेल, नाव मात्र आपलंच हवं

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट थेट विक्रीचा विचार करू लागले आहेत. मी वसमतला संगणकाचे वर्ग घेतो, वेबसाइटची कामंही करतो. त्यामुळे ही मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना दोन सल्ले आधीच मिळालेले असतात. एक जण सांगतो, वर्डप्रेस फुकट आहे, होस्टिंग घ्या आणि सगळं आपल्या ताब्यात ठेवा. दुसरा म्हणतो, शॉपिफाय नाहीतर विक्स घ्या, महिन्याचे पैसे भरा आणि निवांत राहा.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या बहुतेक कंपन्यांनी दुसरा मार्ग धरावा. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कंपनीच्याच नावावर घ्यावं. त्यात तडजोड नको.

वर्डप्रेसबद्दल मला आदर आहे. २००३ साली सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट चालवतं आणि ते मराठीतही वापरता येतं. मात्र फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर. होस्टिंगचं भाडं वेगळं, आणि पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर पुढे सहसा राहत नाही. शिवाय अपडेट, बॅकअप, सुरक्षा ही कामं कायमची मागे लागतात. एका गटाची वेबसाइट ऑफिसातल्या संगणकावर व्यवस्थित दिसायची. ग्राहकाने मोबाइलवर गुगलमधून उघडली की थेट सट्ट्याच्या पानावर जायची. जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगिनमधून कुणीतरी आत शिरलं होतं. गटातल्या बायकांना हे बरेच दिवस कळलंच नाही, कारण त्या स्वतः ऑफिसातूनच साइट बघत होत्या.

त्यांना दोष कसा देणार? फेब्रुवारीपासून मेपर्यंत काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश आणि मग मोंढ्यात बीट, या धबडग्यात मान वर करायला सवड नसते. नेमकी तेव्हाच नवी हळद शोधणारी गिऱ्हाइकं वेबसाइटवर येतात. म्हणून तयार सेवाच बरी. आमच्या हिंगोली जिल्ह्याची अधिकृत वेबसाइटसुद्धा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या तयार व्यासपीठावर चालते. जिल्हा प्रशासनाला जे सोयीचं वाटतं, ते दहा संचालकांच्या कंपनीने कमीपणाचं मानू नये. हळद शिजवायचा कुकर आपण भाड्यानेच आणतो, हळद मात्र आपलीच राहते.

भाड्याच्या सेवेतही धोका आहेच. गुगलने व्यवसायांना मोफत दिलेल्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जुना पत्ता काही काळ व्यवसायाच्या गुगल प्रोफाइलकडे वळत होता, जूनमध्ये तेही थांबलं. ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन होतं, त्यांना तेच नाव दुसऱ्या सेवेला जोडता आलं. ज्यांनी गुगलचाच पत्ता पाटीवर आणि पाकिटावर छापला होता, त्यांचा पत्ताच संपला. विक्सवर बांधलेली वेबसाइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शॉपिफायमधून मालाची, ग्राहकांची आणि ऑर्डरची यादी उतरवून घेता येते, सजावट तिथेच राहते. म्हणून दर महिन्याला या याद्या उतरवून ठेवायच्या आणि फोटो, मजकूर यांची प्रत आपल्या संगणकात ठेवायची.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते नावाचं. आमच्या भागातल्या एका कंपनीची वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे त्याने तो धंदा सोडला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद ईमेलवर जात राहिल्या, मुदत संपली आणि नाव हातचं गेलं. तेव्हा त्याच नावाचा क्यूआर कोड छापलेली पाकिटं गोदामात पडून होती.

डोमेन कंपनीच्या नावाने, कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्याच खात्यातून पैसे भरून घ्या. पासवर्ड किमान दोन संचालकांकडे असू द्या. शक्य असेल तर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरा.

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस चालवायचंच असेल, तर सभेत एकच प्रश्न विचारा: दर महिन्याला अपडेट कोण करणार आणि त्याचा मेहनताना किती? इतिवृत्तात नाव आणि रक्कम लिहिता आली, तर खुशाल घ्या. नाही आली, तर आयती सेवा घ्या.

आणि ज्यांची वेबसाइट आधीच आहे, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेची वाट पाहू नये. आपलं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे आजच तपासा. दुसऱ्याच्या नावावर असेल, तर त्याच्याशी संबंध चांगले आहेत तोवर बदलून घ्या.