दादरचा मैलदगड

दादरला चित्रा सिनेमाजवळ फुटपाथवर काळ्या पाषाणाचा एक जुना मैलदगड आहे. सहा मैल; पण कुठून? फोर्टातल्या सेंट थॉमस कथीड्रलपासून. इंग्रजी मुंबईचे मैल तिथूनच मोजत. चर्चगेट हे नावही याच चर्चमुळे पडले.

मुलांना तिथे न्यायचे ठरले तेव्हा एका अम्मींनी विचारले, “टीचर, चर्चमध्ये?” आम्ही म्हटले, पाहायला जायचे आहे, इबादतीला नव्हे. हजरत उमर (रजि.) जेरुसलेमच्या चर्चमध्ये गेले होते. नमाज मात्र त्यांनी बाहेर अदा केली, पुढे मुसलमानांनी त्या जागेवर हक्क सांगू नये म्हणून, अशी रिवायत आहे. अम्मी स्वतःही आल्या!

१७१८ च्या नाताळात हे चर्च उघडले. भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला आहेत. दूरदेशी ऐन तरुणपणी मेलेल्यांची नावे वाचून मुले गप्प झाली. मुली रेंगाळल्या त्या गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकापाशी. बनारस व काठेवाडात नवजात मुलींना मारण्याची चाल थांबवण्यासाठी ते झटले होते. तिथे सूरह तकवीर आठवली, हे वेगळे सांगायला नको.

जोहरला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत पोहोचलो. १८०२ ची ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. वुजू त्याच पाण्याने. मासे पाहण्यात मुलांची रांग मात्र मोडली.

भगिनींनो, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते. दुसरा दिवस निवडा.